भुईखालचे अन्न : पेव, भुयारी शेती आणि धाराशिवची ज्वारी – एक चिकित्सा

प्रस्तावना

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला नवा नाही. खाजगी शिकवण्यांचे पेव फुटते, पतसंस्थांचे फुटते, अध्यापक विद्यालयांचे फुटते. शोधनियतकालिकांच्या पेवाविषयी तर आपल्या व्यवसायातील मंडळींना वेगळे सांगण्याची गरज नाही. या वाक्प्रचारात आज केवळ नापसंती उरली आहे. नको असलेली गोष्ट एकाएकी उदंड झाली की तिचे पेव फुटते. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द 'पेंव' असा सानुस्वार नोंदलेला असून त्याचा अर्थ जमिनीखालील धान्याचे कोठार असा दिला आहे. म्हणजे जे फुटत होते ते धान्याने गच्च भरलेले पेव होते. भरल्या घराची खूण असलेला शब्द तुच्छतेचा वाचक कसा झाला, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचा तर आहेच. पण प्रस्तुत लेखकाला तो शेतीच्या इतिहासाचाही वाटतो.

हा विचार सुचण्याचे निमित्त मात्र दूरचे आहे. महानगरांच्या पोटातील वापराबाहेर गेलेल्या जागांमध्ये, म्हणजे युद्धकालीन आश्रयस्थाने, बोगदे, वाहनतळ यांमध्ये अन्न पिकवावे, या कल्पनेवर गेल्या दीड दशकात जगभर पुष्कळ लिहिले गेले. डिक्सन डेस्पोमिए यांच्या 'द व्हर्टिकल फार्म' (२०१०) या पुस्तकाने बंदिस्त, बहुमजली शेतीच्या विचाराला मोठी प्रसिद्धी मिळवून दिली. लंडनमध्ये क्लॅपहॅम येथे सुमारे ३३ मीटर खोल असलेल्या दुसऱ्या महायुद्धातील आश्रय-बोगद्यांत २०१० च्या दशकात विद्युतदिव्यांच्या प्रकाशावर कोथिंबीर, मुळ्याची कोवळी पाने, वाटाण्याचे कोंब अशी पिके काढली गेली. पॅरिसमध्ये एका भुयारी वाहनतळात आळिंबीची लागवड झाली. हे प्रयोग आपल्याकडील परिसंवादांतही आता 'दुष्काळी भागासाठी दिशादर्शक' म्हणून उद्धृत केले जातात. दिशा कोणती आणि कोणासाठी, हे मात्र सहसा तपासले जात नाही. धाराशिवसारख्या, वरून ऊन भरपूर आणि पाऊस बेभरवशाचा असलेल्या जिल्ह्यात बसून ते तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पेवाची रीत

मराठवाड्यात व लगतच्या सोलापूर भागात ज्वारी भुईखाली साठवण्याची रीत जुनी आहे. कन्नडमध्ये अशा खड्ड्याला 'हगेवु' म्हणतात. उमरग्याकडील सीमाभागात दोन्ही भाषांचे शेतकरी एकच तंत्र वापरीत होते, असे म्हणण्यास हरकत नाही. घराच्या जाड भिंतीत वा जमिनीत बांधलेले 'बळद' हे रोजच्या व्यवहाराचे, तर पेव हे अडीअडचणीचे. जमिनीखाली वा जमिनीलगत धान्याचे खड्डे करण्याची परंपरा याहून पुष्कळ मागे जाते. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत डेक्कन कॉलेजच्या उत्खननात असे साठवणीचे खड्डे सापडले आहेत.

पेव कोठे खणावे हे 'काळी' आणि 'पांढरी' या जोडशब्दात आलेले आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळी माती पाणी धरते, ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यात ठेवलेले धान्य पहिल्याच पावसाळ्यात कुजेल. म्हणून पेव गावठाणातील पांढऱ्या, निचऱ्याच्या, उंचवट्याच्या मातीत. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल इतके अरुंद, पोट रुंद, एकंदर आकार रांजणाचा. तळाशी व कडेने कडबा किंवा भुसा यांचे अस्तर, वर पूर्ण वाळलेली ज्वारी, तोंडावर शिळा आणि तिच्यावर लिंपलेली माती.

यातील विज्ञान साधे आहे आणि पक्के आहे. धान्य सजीव असते. ते व त्यातील किडे श्वसन करतात. बंद पोकळीतील प्राणवायू संपत जातो, कर्बवायू वाढतो आणि कीड मरते. औषध नाही, धुरी नाही. आज पर्ड्यू विद्यापीठाने आफ्रिकेत चवळीसाठी विकसित केलेल्या तिहेरी पिशव्या याच तत्त्वावर चालतात. दुसऱ्या महायुद्धात निर्यात अडल्यावर अर्जेंटिनाने जमिनीखाली हवाबंद कोठारे बांधली, तीही याच तत्त्वावर. आपल्याकडे हे तत्त्व 'पारंपरिक ज्ञान' या कप्प्यात गेले आणि तेथेच राहिले.

मात्र जी हवा किडीला मारते, ती माणसालाही मारते. काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थ्यांना पेवाविषयी विचारले, तेव्हा बहुतेकांना वाक्प्रचार माहीत होता, वस्तू माहीत नव्हती. गावातील एका आजींना विचारले तर त्यांनी वस्तूचे वर्णन न करता थेट धोकाच सांगितला : "आदी कंदील सोडायचा खाली, लेकरांनो. त्यो इझला तर उतरायचं न्हाई. तोंड उघडं ठिवून दम धरायचा." पेव उपसायला कोण उतरत असे, या प्रश्नावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ज्याचं पेव, त्यो थोडाच उतरतोय?"

हे उत्तर महत्त्वाचे आहे. पेवाविषयी लिहिताना आपण गहिवरतो, आणि तेवढ्यात त्याची सामाजिक रचना निसटते. पेव भरण्याइतकी ज्वारी ज्याच्या खळ्यावर उरते त्याचेच पेव असणार. बलुतेदाराला खळ्यावर मिळणारा वाटा वर्षभर पुरणे कठीण. तो भुईत काय पुरणार? शिवाय पेव एकदा उघडले की हवा शिरते, मग ते लवकर उपसावेच लागते. रोज पायलीभर काढण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे पेव उघडणे ही गावाच्या दृष्टीने एक घटना असे : कोणी उसनवार नेई, कोणी सवाई-दिढीने. दुष्काळात पेव हे धान्याचे कोठार होते तसे सत्तेचेही होते.

भक्तिकथेतील कोठार

मराठी साहित्यात साठवलेल्या धान्याची सर्वांत प्रसिद्ध कथा शेजारच्या मंगळवेढ्याची आहे. महिपतीच्या 'भक्तविजय' (१७६२) या ग्रंथामुळे घरोघर पोहोचलेल्या या कथेत दामाजीपंत दुष्काळात सरकारी धान्य रयतेला वाटून टाकतात आणि विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बेदरच्या बादशहाकडे त्याची भरपाई करतो. समीक्षकांनी या कथेचे वाचन प्रायः भक्ताची कसोटी आणि देवाचा कनवाळूपणा या अंगाने केले. तिच्यात एक राजकीय अर्थशास्त्रही आहे. पिकवणारे उपाशी आहेत आणि धान्य तर आहे. फक्त ते बंद आहे. ते उघडण्याचा अधिकार कोणाचा, असा हा पेच आहे. आणि ज्याच्या रूपाने भरपाई होते, तो गावगाड्यात स्वतःचे कोठार असण्याची शक्यता सर्वांत कमी असलेला माणूस आहे. कथेने हा विरोध जाणूनबुजून रचला की तो तिच्यात आपोआप आला, हे सांगता येत नाही. पण तो तेथे आहे आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

पेव रिकामे का झाले

याचे उत्तर एका कारणात मिळत नाही. निजामी राजवटीतील धान्याच्या सक्तीच्या लेव्हीने साठ्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. साठवणे म्हणजे लपवणे झाले. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी रोजगार हमीच्या कामावर जाऊन रेशनचा परदेशी तांबडा मिलो खाल्ला, तेव्हा भुईखालच्या धान्याची विमाछत्री फाटलेली होती हे उघड झाले. त्यापूर्वीच, १९६४ मध्ये 'सीएसएच-१' हे संकरित वाण आले होते. खरिपातील संकरित ज्वारीचे कणीस पावसात सापडले की दाणा काळा पडतो. रब्बीच्या मालदांडीप्रमाणे तो टिकत नाही. आणि अलीकडच्या दशकांत जिल्ह्याच्या खरिपाचा मोठा भाग सोयाबीनने व्यापला. सोयाबीन कोणी पेवात घालत नाही, कारण शेतकरी ते खात नाही, विकतो. खाण्याचे पीक जाऊन विकण्याचे पीक आले, की साठवणुकीची जागा घरातून बाजारात जाते.

या हिशेबात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट वेगळी मांडली पाहिजे. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील भूकंपात सास्तूरसारखी गावे माळवदांच्या दगडमातीखाली गेली. त्यांच्याबरोबर कणग्या, बळदे, पेवेही गेली. नवी गावे नव्या जागी, सरळ रस्त्यांची, जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांच्या घरांची उभी राहिली. भिंती भूकंपाला तोंड देतील अशा होत्या, आणि ते त्या वेळी सर्वांत निकडीचे होते. परंतु शेतकऱ्याच्या घराला धान्य, अवजारे, गुरे यांसाठीही पोट लागते, हे त्या आराखड्यात मावले नाही. जुन्या गावठाणांच्या ढिगाऱ्याखाली राहिलेल्या पोकळ्या ही या जिल्ह्यातील खरी 'वापराबाहेर गेलेली भुयारे' होत.

भुयारी शेतीचा हिशेब

आता लंडनकडे पुन्हा वळू. भुयारी शेतीचा एक दावा मान्य केलाच पाहिजे. बंदिस्त जागेत पाणी फिरवून वापरता येत असल्याने पालेभाजीला ते फारच कमी लागते. २०१२-१३ आणि २०१५-१६ ही वर्षे ज्यांनी टँकरच्या रांगेत काढली, त्यांनी हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये.

पण अन्न म्हणजे कोथिंबीर नव्हे. भाकरीचा हिशेब करून पाहू. एक किलो कोरड्या वनस्पतीद्रव्यात सुमारे १७ मेगाज्यूल, म्हणजे पाऊणेपाच युनिटांच्या आसपास ऊर्जा साठलेली असते. विजेपैकी निम्मीच दिव्यातून प्रकाश होते आणि त्या प्रकाशाचा आठ टक्के भाग पीक साठवते असे उदारपणे धरले, तर विजेतील चार टक्के ऊर्जा पिकात उतरते. एका किलो वनस्पतीद्रव्याला सुमारे १२० युनिटे लागतात. त्यातील दाणा चाळीस टक्के धरला तर एक किलो ज्वारीला ३०० युनिटे. आठ रुपये दराने ही ज्वारी २,४०० रुपये किलो पडेल. कडब्याचे पैसे वजा करावेत, दिवे अधिक चांगले मिळतील असे म्हणावे. तरीही हिशेबाची जात बदलत नाही. गव्हाविषयी २०२० मध्ये झालेल्या आसेंग व सहकाऱ्यांच्या अभ्यासात दहा थरांच्या बंदिस्त शेतीत जागतिक सरासरीच्या शेकडो पट उत्पादन शक्य असल्याचे गणित मांडले गेले; बाजारभावात ते परवडण्याची शक्यता मात्र त्यांनाही दिसली नाही. पालेभाजीवर उभ्या असलेल्या कंपन्यांचीही स्थिती बरी नाही : अमेरिकेतील 'एरोफार्म्स' ने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तर 'बॉवरी' २०२४ मध्ये बंद पडली. जे ऊन आपल्या माळावर फुकट पडते ते विकत घ्यायचे, हा व्यवहार धाराशिवच्या शेतकऱ्याला समजावून सांगणे अवघड आहे.

आळिंबीची गोष्ट निराळी. तिला प्रकाशसंश्लेषण करावयाचे नसते. पॅरिसच्या दगडखाणींत एकोणिसाव्या शतकात आळिंबी पिकत होती ती याच कारणाने, आणि शहर वाढल्यावर हे उत्पादक ल्वार नदीकाठच्या खाणींकडेही सरकले. आपल्या हवेला धिंगरी आळिंबी मानवते आणि वाड्याच्या तळघरात उन्हाळा वगळता ती घेता येईल. येथेही दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, तिच्यासाठी कडबा वापरू नये. चारा छावण्या पाहिलेल्या जिल्ह्यात कडबा हे गुरांचे अन्न आहे. सोयाबीनचे भुसकट वापरावे, त्याला गुरे फारशी तोंड लावीत नाहीत. दुसरी, धिंगरीही श्वसन करते. हवा खेळती नसेल तर कर्बवायू साचतो, देठ लांबतात, छत्र्या लहान राहतात, आणि आत काम करणाऱ्यालाही त्रास होतो. धान्य टिकवण्यासाठी जी हवाबंद पोकळी गुणाची, तीच पिकवण्यासाठी दोषाची. म्हणून जुन्या पेवात आळिंबी घ्यावी ही अधूनमधून ऐकू येणारी सूचना अज्ञानाची आणि जिवावर बेतणारी आहे.

मूळ मतभेद येथे स्पष्ट होतो. पाश्चात्य महानगराने भुयाराकडे जागेचा प्रश्न घेऊन पाहिले : वर जागा नाही, तर खाली पिकवू. मराठवाड्यातील शेतकऱ्याने भुईकडे काळाचा प्रश्न घेऊन पाहिले : या वर्षी आहे, पुढच्या वर्षी नसेल. पहिला प्रश्न आपला नाही. दुसरा आजही आहे. काढणीच्या आठवड्यात पडेल भावाने माल घालणारा प्रत्येक अल्पभूधारक तो अनुभवतो. त्याला पेव परत नको आहे. ते त्याचे कधी नव्हतेच. त्याला लागणारी हवाबंद साठवण दोन-चार क्विंटलांची, हवी तेव्हा थोडी उघडता येणारी आणि खाली न उतरता वापरता येणारी असली पाहिजे. तिहेरी पिशवीने ते काही अंशी साधते. तरीही आपल्या चर्चासत्रांच्या विषयपत्रिकेत तिच्यापेक्षा भुयारी दिव्यांना अधिक जागा मिळते.

शिबिरातील विद्यार्थ्यांनी पुढे त्या गावातील पेवांच्या जागा कागदावर नोंदण्याचा प्रयत्न केला. आजींनी सात जागा दाखवल्या. पाचांवरून सिमेंटचा रस्ता गेला होता, एकावर समाजमंदिर होते. सातवी एका पडक्या वाड्याच्या परसात होती. तिच्या तोंडावरची शिळा जागच्या जागी होती आणि तिच्यावर कोणीतरी तुळशीवृंदावन बांधले होते.