'मॅग्डाला' व 'अ‍ॅबिसिनिया' : मुंबई बंदराच्या दोन चिलखती नौका

खामगांवच्या इतिहासांत सन १८७० हें साल आगगाडीचें म्हणून प्रसिद्ध आहे. जलंबच्या फांट्यानें तेथील कापूस मुंबई बंदराकडे जाऊं लागला. त्याच सालीं त्या बंदराच्या रक्षणाकरितां 'मॅग्डाला' व 'अ‍ॅबिसिनिया' या चिलखती नौका विलायतेंत पाण्यांत उतरल्या. बुलढाणा जिल्ह्यास त्या सर्वस्वीं परक्या नव्हेत, त्या यामुळें.

खोल समुद्रांत न टिकणाऱ्या नौका म्हणून त्यांस हिणविणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. नौकेची परीक्षा तिच्या नेमलेल्या कामावरून व्हावी. एडवर्ड रीड यांच्या आराखड्याची 'मॅग्डाला' पाण्यांत इतकी खोल बसे कीं, शत्रूस निशाणा थोडाच मिळे. परंतु ठेंगण्या डेकवरून लाटा आंत शिरण्याचें भय होतें. तें टाळण्यास रीड यांनीं मध्यभागीं चिलखती कोट उभारून त्याच्या दोन्ही टोकांस फिरते बुरूज बसविले. बुरुजांचें चिलखत जास्तींत जास्त १० इंच जाड. तोफा चार, १० इंची. ही योजना बंदराच्या कामास यथायोग्यच होती.

खरें वैगुण्य तोफांत होतें. त्या तोंडाकडून भराव्या लागत. पुढें १८९२ सालीं त्या बदलाव्या लागल्या. १९०३ च्या सुमारास दोन्ही नौका विकल्या गेल्या. त्यांच्याच जातीच्या 'सर्बेरस' नौकेचा सांगाडा मेलबर्नजवळ अद्याप उभा आहे. आपल्या नौकांचें स्मारक आतां लेखांतूनच व्हावयाचें; तें तरी यथार्थ असावें.