स्वेव्होचं ‘वाईट’ इटालियन

मगाशी आपण त्रिएस्तेबद्दल बोललो. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातलं बंदर. सरकारदरबारी जर्मन, आणि घरात, बाजारात इटालियनची तिथली बोली. १८६१ साली इथे जन्मलेल्या एत्तोरे श्मित्झला वडिलांनी शिकायला जर्मनीत धाडलं. पुढे त्याने टोपणनाव घेतलं इटालो स्वेव्हो, म्हणजे ‘इटालियन श्वाबियन’. नावातच दोन भाषा नांदतात, बघा.

चरित्र थोडक्यात सांगतो. बँकेत पत्रव्यवहार सांभाळणारा कारकून. १८९२ आणि १८९८ साली स्वखर्चाने छापलेल्या दोन कादंबऱ्या, दोन्हींची जवळजवळ उपेक्षा. मग सासऱ्यांचा जहाजाच्या रंगांचा कारखाना, धंद्यासाठी लावलेली इंग्रजीची शिकवणी, आणि शिकवायला कोण, तर जेम्स जॉइस! १९२३ साली ‘ला कोशेन्झा दी झेनो’ आली, जॉइसने ती पॅरिसमध्ये वाचायला लावली, १९२५ साली मोन्तालेने इटलीत लेख लिहिला. कीर्ती मिळाली ती अशी. तीन वर्षांनी मोटार अपघातात माणूस गेला.

आता मुद्दा. टीकाकार म्हणत, याला इटालियन नीट लिहिता येत नाही, व्यापारी पत्रासारखं लिहितो. बाजू घेणारे म्हणत, भाषा वाईट असूनही लेखक मोठा. मला हे ‘असूनही’ मान्य नाही.

झेनो आपली कहाणी मानसोपचारतज्ज्ञासाठी लिहितो. आणि शेवटी तोच सांगतो की आम्ही बोलीत वाढलेली माणसं. प्रमाण इटालियनमध्ये लिहिताना ज्याला शब्द सापडतो तेवढंच सांगतो, ज्यासाठी शब्दकोश उघडावा लागेल ते टाळतो. म्हणजे कबुलीजबाबात काय यायचं, हे शब्दसंग्रहाने ठरवलं! डॉक्टर बिचारा त्यातून मन शोधत बसलाय.

वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग आठवा. त्यांनी हलायचं नाही असा वैद्याचा हुकूम, म्हणून झेनो त्यांना बिछान्यात दाबून धरतो. म्हातारा सगळं बळ एकवटून उठतो, हात उंच उचलतो, तो हात मुलाच्या गालावर पडतो, आणि म्हातारा कोसळतो. मेलेला. थप्पड होती, की मरणाऱ्याचा निसटलेला हात? झेनो आधी शिक्षा झालेल्या पोरासारखा रडतो, वैद्यावर ढकलतो. मग हळूहळू वडिलांना प्रेमळ, दुबळं करून टाकतो. इथली त्याची सारवासारव वाचताना मला हिशेबातली तूट समजावणारं कारकुनी पत्र आठवतं. ते गद्य देखणं असतं तर आपण झेनोवर विश्वास ठेवला असता. तो ठेवायचा नाहीये, हीच तर कादंबरी!

म्हणून गुळगुळीत भाषांतराची मला धास्ती वाटते. आपण बहुतेक जण याला इंग्रजीतून वाचतो. शीर्षकच घ्या. ‘कोशेन्झा’ म्हणजे जाणीव, आणि सदसद्विवेकही. इंग्रजीत पहिल्यांदा ‘कबुली’ केलं, २००१ च्या भाषांतरात ‘विवेक’. मराठीतही एक शब्द निवडला की दुसरा हातचा जातो. आणि झेनोला तर दोन्ही हवेत, कारण एकाने अडवलं की तो दुसऱ्यातून निसटतो.