20 वर्षांत दसपट? एका छोट्या बँकेच्या शेअरचा तक्ता तपासू या

मागच्या महिन्यात मामांनी मला फोनवर एक तक्ता पाठवला. दक्षिणेतल्या एका जुन्या, छोट्या खासगी बँकेचा शेअर. 20 वर्षांपूर्वी 10 हजार रुपये गुंतवले असते तर आज 1 लाख झाले असते, असा दावा. खाली मामांचा प्रश्न: "अगं, तू रिसर्च करतेस ना? मग सांग, ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे अशा एखाद्या बँकेत टाकू का?"

माझा विषय वनस्पतिशास्त्र. शेअर घ्यावा की नाही हे मला सांगता येत नाही. पण दावा आणि पुरावा यांचं एकमेकांशी जमतं का, हे कुठल्याही विषयात तपासता येतं. आणि तुम्ही पीएच.डी.ची तयारी करत असाल, तर या तक्त्यातली चूक उद्या तुमच्या सिनॉप्सिसमध्ये शिरू शकते. म्हणून आज तो तक्ताच टेबलावर घेऊ.

आधी त्याच्या बाजूने बोलू. आकडे खोटे नव्हते. 20 वर्षांत दसपट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साधारण 12.2 टक्के. "दसपट" ऐकून वाटतं तेवढं हे भव्य नाही, पण वाईटही नाही. 8 टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवलेले 10 हजार तेवढ्याच काळात साधारण 46,600 होतात. शिवाय तक्त्यात फक्त भाव होता, लाभांश मिळवलेलाच नव्हता. म्हणजे एका बाबतीत तक्त्याने शेअरचं यश कमीच दाखवलं होतं.

मग गोची कुठे आहे? प्रश्नात. तक्ता सांगतो की आज टिकून असलेल्या या बँकेने काय दिलं. मामांना हवं आहे ते वेगळंच: पुढे काय होणार हे माहीत नसताना आज छोटी बँक निवडली, तर काय मिळेल? पहिल्या उत्तराने दुसरा प्रश्न सुटत नाही.

तमिळनाडूतलं करूर घ्या. या एकाच गावात दोन बँका जन्मल्या: 1916 मध्ये करूर वैश्य बँक आणि 1926 मध्ये लक्ष्मी विलास बँक. गाव तेच, व्यापारी वर्गही तोच. करूर वैश्य आजही चालू आहे. लक्ष्मी विलासवर 17 नोव्हेंबर 2020 ला निर्बंध आले आणि 27 नोव्हेंबरला ती डीबीएस बँक इंडियात विलीन झाली. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले, भागभांडवल मात्र पूर्ण पुसलं गेलं. ज्याने 20 वर्षं शेअर सांभाळला, त्याचा हिशेब दहा दिवसांत शून्यावर आला. त्याचा तक्ता कोणी बनवत नाही, कारण दाखवायला आज भावच नाही.

आपल्याकडे या. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक, स्थापना 1936. सप्टेंबर 2006 मध्ये तिच्यावर निर्बंध आले, ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली आणि भागधारकांना शेअरमागे 28 रुपये रोख मिळाले. सांगली बँक, स्थापना 1916. ती 2007 मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. तिच्या 925 शेअरमागे आयसीआयसीआयचे 100 शेअर मिळाले. कोल्हापूरची रत्नाकर बँक, स्थापना 1943. ती टिकली आणि आरबीएल झाली. 2016 मध्ये तिचा शेअर 225 रुपयांना बाजारात आला, 2019 मध्ये 600 च्या वर गेला आणि जून 2022 मध्ये 100 च्या खाली आला. म्हणजे टिकलेली बँक अचूक निवडूनही, तुम्ही कधी घेतला आणि कुठल्या तारखेला मोजला यावर उत्तर बदलतं.

आता शेवट कसे झाले ते बघा. एकीकडे शून्य, एकीकडे रोख रक्कम, एकीकडे दुसऱ्या बँकेचे शेअर. "गायब बँक म्हणजे बुडालेले पैसे" असं धरलंत तर सांगली बँकेच्या बाबतीत चुकाल. शेवटचा बाजारभाव हेच उत्तर धरलंत तर लक्ष्मी विलासच्या बाबतीत चुकाल, कारण शून्य होण्याच्या जरा आधीपर्यंत तो शेअर काही रुपयांना विकला जात होता. यालाच डीलिस्टिंग बायस म्हणतात. टायलर शमवे यांनी 1997 मध्ये अमेरिकेतल्या शेअरच्या डेटाबद्दल नेमकं हेच दाखवलं होतं. आणि सांगली बँक तर शेअर बाजारात नोंदलेलीच नव्हती. बाजाराच्या यादीतून नमुना घेतलात तर ती तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.

बँकेच्या बाबतीत ही चूक जास्त महाग पडते. बँक लोकांच्या ठेवींवर चालते, मालकांचं भांडवल त्यात थोडंच असतं. समजा 100 रुपयांच्या कर्जांमागे भांडवल 10 रुपये आहे. 10 रुपयांची कर्जं बुडाली की भागधारकाचं सगळं गेलं. त्यात छोट्या बँकेची कर्जं एकाच भागात, दोन-चार धंद्यांत वाटलेली असतात. तो भाग अडचणीत आला की ती एकत्रच थकतात. अजून एक: कर्जवाटप वाढवायचं तर भांडवल लागतं, म्हणून बँक राइट्स इश्यू काढते. म्हणजे जुन्या भागधारकाने मधे पुन्हा पैसे घातलेले असू शकतात. ते न मोजता "10 हजारांचे 1 लाख" म्हणणं हा अर्धाच हिशेब झाला.

चला, एक छोटं गणित करू. आकडे मी धरलेले आहेत, बाजारातले नाहीत. समजा पाच बँकांत समान पैसे घातले. 20 वर्षांनी दोन दसपट झाल्या, एक तिप्पट, एक होती तिथेच राहिली, एक शून्य. एकूण 24 भागिले 5, म्हणजे 4.8 पट, वर्षाला साधारण 8.2 टक्के. वरच्या ठेवीपेक्षा जेमतेम जास्त. तक्ता मात्र पहिल्या दोन बँकांचाच फिरतो.

हसू नका, मीही हेच केलं आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पात खारट पाण्यावर वाढवलेल्या रोपांची उंची मोजत होते. शेवटच्या दिवशी जगलेल्या रोपांची सरासरी काढली आणि खारट पाण्यातली रोपं साध्या पाण्यातल्यांपेक्षा उंच निघाली! मी खूश. गाईडनी एकच विचारलं, "मेलेली कुठे आहेत?" कमजोर रोपं आधीच मेली होती आणि माझ्या वहीत त्यांची ओळच नव्हती. पूर्ण हंगाम पुन्हा करावा लागला.

म्हणून नमुना शेवटच्या तारखेला निवडू नका, सुरुवातीच्या तारखेला निवडा. समजा 1 एप्रिल 2000. त्या दिवशी असलेल्या सगळ्या जुन्या खासगी बँकांची यादी करा आणि मगच प्रत्येकीचं पुढे काय झालं ते शोधा: लाभांश, बोनस, राइट्स, विलीनीकरण, शून्य. एकही ओळ गाळायची नाही. काम कंटाळवाणं आहे, पण संशोधनाचा बराचसा भाग हाच असतो.

मामांना मी एवढंच लिहिलं: "तक्ता खरा आहे, पण तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. त्या वर्षी त्याच्यासारख्या आणखी किती बँका होत्या आणि आज त्या कुठे आहेत, हे पाठवणाऱ्याला विचारा." त्यांनी विचारलंय म्हणे. अजून उत्तर आलेलं नाही. पैसे तोवर ठेवीत आहेत.