रक्तांतील पाठभेद

पूर्वजांचा शोध हा विषय असा आहे कीं, त्यावरील पुस्तक सहसा कोणी तटस्थपणें वाचीत नाहीं. वाचक पहिल्या पानापासून त्यांत स्वतःला हुडकूं लागतो, आणि मनाजोगा सांपडला नाहीं तर ग्रंथकारावर रुष्ट होतो. हार्वर्ड विद्यापीठांतील प्राध्यापक डेव्हिड राइक यांचा 'हू वी आर अँड हाउ वी गॉट हिअर' हा ग्रंथ २०१८ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांतील हिंदुस्थानविषयक प्रकरणावर आपल्याकडे असाच वाद माजला. कोणी तें जिंकल्याच्या आनंदांत वाचलें, कोणी हरल्याच्या संतापांत. ग्रंथ काय सिद्ध करतो, काय सुचवितो आणि कोठें शब्दांच्या ओघांत वाहवतो, हें पाहण्याचें मात्र राहूनच गेलें. आम्ही साहित्याचे अध्यापक. जीवशास्त्रांत आमचा अधिकार नाहीं. परंतु या शास्त्राची मूळ रीत आमच्या चांगल्या परिचयाची निघाली, म्हणून हें धाडस करीत आहों.

एखाद्या ग्रंथाची मूळ प्रत नष्ट झाली तरी तिच्या नकला उरतात. नकलकार चुकतो, आणि त्याची चूक त्याच्या प्रतीवरून उतरलेल्या सर्व प्रतींत जाते. दोन हस्तलिखितांत तीच विशिष्ट चूक आढळली, तर त्यांचा पूर्वज एक असावा असें अनुमान निघतें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति याच मार्गानें सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें, आणि सर्व पर्वांचें काम १९६६ सालीं संपलें. मनुष्यदेहांतील लेखाचेंही असेंच आहे. त्यांत सुमारें तीनशें कोटी अक्षरें असतात, आणि कोणत्याही दोन माणसांत हजार अक्षरांमागें सुमारें एकाचा फरक आढळतो. पिढ्यान् पिढ्या नकला होतांना पडलेले हे पाठभेदच होत. कोणत्या समाजांत कोणते भेद समाईक आहेत, हें मोजून त्यांचीं नातीं मांडतां येतात.

परंतु महाभारताच्या नकलकारांनीं पुष्कळदां दोन प्रती समोर ठेवून त्यांची मिसळही केली, आणि त्यामुळें संपादकाचा वंशवृक्ष गुंतागुंतीचा झाला. माणसांनींही तेंच केलें आहे. दोन समाज एकत्र आले कीं, प्रत्येकाकडून आलेले लेखाचे तुकडे आरंभीं लांब असतात. पुढें पिढीगणिक ते तुटून आखूड होत जातात. तुकड्यांच्या लांबीवरून मिश्रण किती पिढ्यांपूर्वीं झालें, याचा हिशेब काढतां येतो. हा किचकट भाग राइक यांनीं अत्यंत सुबोध केला आहे, आणि या एका गुणासाठींही त्यांचा ग्रंथ संग्राह्य ठरेल.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. २००९ सालीं राइक यांनीं हैदराबादचे लालजी सिंग व के. थंगराज यांच्या सहकार्यानें २५ समाजांतील १३२ व्यक्तींचे लेख तपासले. बहुतेक समाज दोन प्राचीन समूहांच्या मिश्रणानें झाले आहेत, असा निष्कर्ष निघाला. त्यांपैकीं एका समूहाचा अंश निरनिराळ्या समाजांत शेंकडा ३९ पासून ७१ पर्यंत भरला. २०१३ सालीं ७३ समाजांच्या अभ्यासावरून असें दिसलें कीं, हें मिश्रण सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वींच्या काळांत झालें, आणि भिल्लांसारखे दूर राहिलेले समाजही त्यांतून सुटले नाहींत.

या समूहांच्या नांवांची कथा ग्रंथकारांनीं मोकळेपणानें सांगितली आहे. २००८ सालीं हैदराबादेंत हे निष्कर्ष मांडले गेले, तेव्हां एका समूहाचें पश्चिमेशीं नातें सांगणाऱ्या मूळ नांवास हिंदी शास्त्रज्ञांनीं हरकत घेतली. कोण कोणत्या दिशेनें गेलें हें या आंकड्यांनीं सिद्ध होत नाहीं, हा त्यांचा आक्षेप रास्तच होता. अखेर 'उत्तरेचे पूर्वज हिंदी' आणि 'दक्षिणेचे पूर्वज हिंदी' अशीं नांवें ठरलीं. आंकडे गणितानें आले, नांवें मात्र वाटाघाटींनीं. हें दिसूं देण्यांत ग्रंथकारांचा प्रामाणिकपणा आहे. परंतु पुढील पानांत हींच नांवें जिवंत माणसांसारखीं चालूं-बोलूं लागतात, आणि आमचा पहिला आक्षेप तेथेंच आहे.

सुकथनकरांचा संशोधित पाठ कोणत्याही एका हस्तलिखितांत जसाच्या तसा मिळत नाहीं. तो अनेक प्रतींवरून तर्कानें उभा केलेला आहे. हे दोन पूर्वजसमूहही तसेच होत. दक्षिणेकडील समूहाचा अमिश्र वंशज मुख्य भूमीवर न मिळाल्यानें लहान अंदमानच्या ओंगी लोकांस दूरचे आप्त मानून गणित करावें लागलें. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळांतून एक जुनी प्रत उजेडांत आली, आणि तिनें संपादकांच्या अनेक निर्णयांस दुजोरा दिला. येथेंही पुढें जुनीं पानें मिळालीं. २०१९ सालीं ५२३ प्राचीन व्यक्तींच्या अवशेषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांचे सहकारी यांनीं राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यांतील लेख वाचला. साठांहून अधिक नमुने पाहिल्यावर तो एकच वाचतां आला. या पानांनीं मिश्रणाची गोष्ट खरी ठरविली. पण दोन्ही 'पूर्वज' स्वतःच मिश्र होते, आणि सिंधु संस्कृतीच्या लोकांसारखा अंश दोघांतही होता, असेंही दाखविलें. उत्तरेकडील समूहांत गवताळ मैदानांतील पशुपालकांचा अंश मिळालेला होता. राखीगढीच्या स्त्रींत तो नव्हता. ज्यांस वाचक मूळ समजला, त्या केवळ मधल्या प्रती होत्या.

दुसरा आक्षेप प्रकरणाच्या मथळ्यावर आहे. 'हिंदुस्थान घडविणारी टक्कर' असा त्याचा आशय आहे. परंतु ग्रंथकारांच्याच हिशेबानें जें २,३०० वर्षें चाललें, त्याला टक्कर कसें म्हणावें? तथापि त्यास गोड संगम म्हणणेंही सत्यास धरून होणार नाहीं; कारण पश्चिमेशीं नातें असलेला अंश पुरुषवंशांत अधिक आणि स्त्रीवंशांत कमी आढळतो. त्या मिश्रणांत सत्ता कोणाची होती, याचा हा बोलका पुरावा आहे.

खरी हृदयाला भिडणारी गोष्ट यापुढील आहे. एवढें मिसळून झाल्यावर आपण दारें लावून घेतलीं. आंध्रांतील वैश्य समाजानें दोन ते तीन हजार वर्षें आपसांतच विवाह केले, असें त्यांच्या लेखांवरून दिसतें. भूल देतांना वापरावयाचें एक औषध त्यांच्यापैकीं कांहींना सहन होत नाहीं, तें या बंदिस्तपणामुळेंच. २०१७ सालच्या एका अभ्यासांत २६३ समाजांपैकीं ८१ समाजांत असा संकोच फिनलंडच्या लोकांहूनही तीव्र आढळला. अशा समाजांत आईबापांच्या ठायीं सुप्त असलेला रोग मुलाच्या ठायीं प्रकट होण्याचा संभव वाढतो. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनीं 'कोण कोठून आलें' यावर रणें माजविलीं. हीं पानें मात्र घाईनें उलटलीं. लग्नाच्या बैठकींत पोटजात विचारणाऱ्या आपल्या सुशिक्षित घरांना तीं अधिक झोंबणारीं आहेत, हेंच त्याचें कारण असावें.

आमच्या घरींही एक कुलवृत्तांत आहे. त्याच्या आरंभीं मूळपुरुषाचें नांव ठसठशीत छापलें असून, पुढें मुलगे आणि त्यांचे मुलगे आहेत. सुनांचीं माहेरचीं घराणीं बहुधा गाळलेलीं आहेत. राइक सांगतात कीं, दहा पिढ्या मागें आपले १,०२४ पूर्वज मोजतां येतात. परंतु आपल्या देहांतील लेख त्या पिढींतून सुमारें ७५७ तुकड्यांनींच आलेला असतो. म्हणजे शेंकडों पूर्वजांचें एक अक्षरही आपल्यांत उरलेलें नाहीं. परंतु जिचें नांव कोणी लिहिलें नाहीं अशा एखाद्या सुनेचा तुकडा आजही आमच्यांत असेल. हें वाचून आम्हीं तो कुलवृत्तांत पुन्हां उघडला, तेव्हां प्रथमच त्यांतील रिकाम्या जागा नजरेस भरल्या.

ग्रंथ अवश्य वाचावा. पण वाचतांना हातांत शिसपेन्सिल असावी. पूर्वजांचें नांव जेथें जेथें येईल, तेथें समासांत प्रश्न लिहावा: हें मापलें, कीं मानलें? बहुतेक ठिकाणीं उत्तर ग्रंथांतच मिळेल. जेथें मिळणार नाहीं, तेथें अभिमान आणि संताप दोन्ही कांहीं काळ आवरून धरणें, हेंच शहाण्या वाचकाचें काम होय.