आलेखातली मेंढी आणि लोणंदची मेंढी

लोणंद म्हटलं की बहुतेकांना कांद्याचा बाजार आठवतो. पशुपैदाशीच्या पुस्तकांत मात्र हे गाव मेंढीमुळे आहे. दख्खनी मेंढीच्या एका उपप्रकाराचं नावच ‘लोणंद’. त्यामुळे ‘मेंढी’ या नावाखाली जगापुढे काय मांडलं जातं, हे मी जरा बारकाईनं वाचतो. ‘बायोजीपीएस’ हे संकेतस्थळही मी एखाद्या पुस्तकासारखंच वाचलं.

जनुक शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतं, पण प्रत्येक पेशी ते वापरतेच असं नाही. वापरते तेव्हा त्याच्या आरएनए प्रती निघतात. त्या मोजल्या की जनुक कुठे किती कामात आहे ते कळतं. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. बायोजीपीएसवर जनुकाचं नाव टाका, प्रत्येक अवयवापुढे लहानमोठी पट्टी दिसते. डॉली जिथे जन्मली त्या एडिंबराजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये मेंढीच्या अवयवांचा असा नकाशा प्रसिद्ध केला आणि तो इथे सर्वांसाठी खुला ठेवला.

हे काम मोठं आहे. एरवी अशी आकडेवारी शोधनिबंधाच्या पुरवणीत, भल्यामोठ्या तक्त्यात पडून राहते. इथे ती कॉलेजात शिकणाऱ्या कुणालाही मोबाइलवर पाहता येते. माहिती खुली करणं वेगळं आणि ती वाचता येईल अशी ठेवणं वेगळं. या संकेतस्थळानं दुसरं केलं आहे.

माझी तक्रार पट्टीच्या आत्मविश्वासाबद्दल आहे, आणि त्यासाठी लोणंदशेजारच्या फलटणचं उदाहरण पुरतं. दख्खनी मेंढी सहसा एका वेळी एकच कोकरू देते. सुंदरबनातली छोटी गरोळ मेंढी मात्र जुळी देते, कारण तिच्यात ‘फेकबी’ नावाचा जनुकीय बदल आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तो संकरातून दख्खनी मेंढीत आणला. कुठल्या कोकरात तो उतरला हे ओळखणाऱ्या डीएनए चाचणीच्या कामात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती. त्यातून ‘नारी सुवर्णा’ हा वाण उभा राहिला.

हा बदल आहे ‘बीएमपीआर१बी’ या जनुकात, आणि तोही एका अक्षराचा. त्यामुळे तयार होणाऱ्या प्रथिनात २४९व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येतं आणि बीजांडकोशाचं वागणं बदलतं. आता हे जनुक बायोजीपीएसवर शोधा. पट्टी सांगते, प्रती किती निघाल्या. त्या प्रतींत कुठलं अक्षर आहे, हे ती सांगत नाही. मेंढपाळाच्या घरी एक कोकरू येणार की दोन, हा प्रश्न ज्या अक्षरावर अडतो, ते अक्षर पट्टीत दिसतच नाही.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची वाटते. या नकाशातली प्रौढ जनावरं सहा : तीन नर, तीन माद्या, टेक्सेल आणि स्कॉटिश ब्लॅकफेस यांच्या संकरातली. ओल्या, थंड, हिरव्या मुलखातली. माण-खटावच्या उन्हात चारा शोधत कोसन् कोस चालणाऱ्या मेंढीचं यकृत, तिची कातडी, तिची कास हेच सांगेल का? अभिव्यक्ती तर वय, ऋतू, खाणं, आजारपण यांनुसार बदलते. संशोधकांनी आपली जनावरं कोणती ते शोधनिबंधात स्वच्छ लिहिलं आहे. पण आलेख बघणारा शोधनिबंध उघडतोच असं नाही. त्याला पट्ट्या दिसतात आणि तो म्हणतो, मेंढी अशी असते.

शून्य उंचीची पट्टी म्हणजे मोजलं आणि सापडलं नाही. मोजलंच नाही, त्याला पट्टी नसते. या दोन रिकाम्या जागांतला फरक डोळ्याला दिसायला हवा. जनुकाच्या नावाशेजारीच जात, जनावरांची संख्या आणि वय ठळक अक्षरांत आलं, तरी बरंच साधेल.

उरलेलं काम मात्र एडिंबराचं नाही, आपलं आहे. लोणंद मेंढीच्या अवयवांचा नकाशा जगात कुठे व्हायचा असेल, तर तो सातारा-पुण्याच्या पट्ट्यातच व्हायला हवा, आणि तोही असाच खुला. फेकबीचं काम इथल्या मेंढपाळांच्या कळपांपर्यंत गेलं होतं, कारण दोन कोकरांना दूध आणि चारा पुरेल का, हे तिथेच कळणार होतं. त्या आलेखाखाली ‘लोणंद’ हे नाव असेल, तेव्हा तो उघडून बघणाऱ्यांत त्या मेंढपाळांच्या घरातली मोबाइलवाली पोरंही असतील.