‘डम्प’, ‘फ्लॅश’ आणि ‘फ्यूज’ : एका साधनाच्या परिभाषेची समीक्षा

मायक्रोकंट्रोलर ही बारामती व इंदापूर या तालुक्यांत आता केवळ प्रयोगशाळेतील वस्तू राहिलेली नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या उसात जमिनीतील ओल मोजणारी यंत्रे आली, आणि विहिरीवरील पंप भ्रमणध्वनीवरून चालू करणारे स्टार्टरही आले. अशा चिपमध्ये आज्ञावली लिहिणाऱ्या साधनांपैकी ‘एव्हीआरड्यूड’ हे मुक्त साधन (याचे आद्य कर्ते ब्रायन डीन) आर्डुइनोच्या आडून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हाती, बहुधा त्यांच्या नकळत, पडते. त्याचे तांत्रिक गुणदोष तज्ज्ञांनी पाहावेत. प्रस्तुत लेखकास त्याच्या शब्दांविषयी काही म्हणावयाचे आहे.

चिपमध्ये आज्ञावली लिहिणे यास आमचे विद्यार्थी ‘कोड डम्प करणे’ म्हणतात. मुरमाचा डम्पर रिकामा होताना ज्याने पाहिला आहे, त्याला हा अर्थ स्वाभाविक वाटणारच. माल कोठे पडला, इकडे त्याचे लक्ष असते. एव्हीआरड्यूडमधील ‘डम्प’ ही आज्ञा मात्र स्मृतीतील मजकूर वाचून पडद्यावर मांडते, म्हणजे नेमकी उलट क्रिया करते. कोऱ्या चिपवर ती दिल्यास ‘एफएफ’च्या ओळीच ओळी उमटतात आणि नवख्यास काही तरी लिहिले गेल्याचा भास होतो.

‘फ्लॅश’ची कथा याहून मौजेची आहे. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ही स्मृती 1984 साली जगापुढे मांडली. छायाचित्रकाराच्या दिव्याप्रमाणे मजकूर एका क्षणात पुसला जातो, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने हे नाव सुचविले. नाव पुसण्याचे, आणि आज ‘फ्लॅश करणे’ म्हणजे लिहिणे! वस्तुतः पुसल्यावाचून येथे नव्याने लिहिता येत नाही. पुसताना सर्व बिटे 1 होतात आणि लिहिताना त्यांतील काही 0 केली जातात. पाटीची उपमा अचूक लागू पडते. मात्र ‘एटीमेगा 328पी’ची ही पाटी सुमारे 10,000 वेळाच पुसण्याची हमी आहे.

खरा घोटाळा ‘फ्यूज’चा. जुन्या प्रॉममध्ये धातूचे सूक्ष्म दुवे खरोखरच जाळले जात. ‘बर्न करणे’ हा प्रयोग तेथला. शेतकऱ्याच्या मुलास फ्यूज ठाऊक आहे तो स्टार्टरवरचा, उडाला की तार बदलावी लागणारा. एव्हीआरमधील फ्यूज यांपैकी काहीच करीत नाही. तो पुनःपुन्हा बदलता येतो, आणि ‘प्रोग्रॅम केलेला’ फ्यूज म्हणजे 0, न केलेला म्हणजे 1, असा या परिभाषेचा उफराटा संकेत आहे. त्यात चूक होऊन घड्याळाची निवड बिघडली, की चिप प्रतिसाद देईनाशी होते. ती ‘जळाली’ असे समजून विद्यार्थी ती टाकून देतो; बाहेरून घड्याळाचे स्पंद पुरविल्यास ती पुन्हा बोलू लागते, हे ‘फ्यूज’ या शब्दामुळेच त्याला सुचत नाही.

आर्डुइनोच्या पहिल्या मालिकेत मराठी भाषा निवडता येते. पण ते मराठी मेनूपुरतेच. अडचण उद्भवली, की खालच्या काळ्या चौकटीत एव्हीआरड्यूड इंग्रजीतच बोलते. जेथे समजून घेण्याची निकड अधिक, तेथेच भाषांतर संपते. हा दोष मला गंभीर वाटतो. लिहिणे, वाचणे, पडताळणे, पुसणे ही साधी क्रियापदे त्या कामास पुरेशी आहेत. ‘फ्यूज’साठी मात्र माझ्यापाशी समाधानकारक शब्द नाही. ‘घडण-बिट’ हा मी वर्गात योजून पाहिला. विद्यार्थ्यांनी तो सौजन्याने ऐकून घेतला आणि ‘फ्यूज’च म्हणत राहिले.