घर नको, रांग मोजा

लोणी भापकरचं मल्लिकार्जुन मंदिर सुटं उभं आहे. टेप घेऊन मोजायला सोपं. तीच सवय घेऊन पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीकडे गेलात की फसलात. जुन्या पेठांमध्ये खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि बऱ्याचदा दोन घरांत एकच सामाईक भिंत. दोन्हीकडच्या तुळयांची टोकं त्याच भिंतीत. एक घर उतरवलं की शेजारचंही डळमळतं. आपले प्रबंध मात्र (माझा पहिला मसुदासुद्धा!) एकेका दर्शनी भागाच्या नक्षीत रमतात. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, मालकाला दुरुस्ती परवडेना. हे नक्षीत कुठे दिसणार? आधी जिन्याखालचे विजेचे मीटर मोजा, बिऱ्हाडं किती ते कळेल. मग तुळयांकडे बघा.